ढिगातलं तडकलेलं लाकूड आणि पहिला वाडगा

ठाण्यात फुकट किंवा जळणाच्या भावात लाकूड मिळवणं अवघड नाही. ते घरी न आणणं अवघड आहे. नौपाड्यात, खारकर आळीत जुनं घर पाडायला घेतलं की सागाचे वासे, तुळया, दाराच्या चौकटी रस्त्याकडेला रचलेल्या दिसतात. पावसाळ्यात सोसायटीतला गुलमोहर आडवा होतो. तुर्भे-महाप्याच्या गोदामांबाहेर पाईनचे पॅलेट (माल रचायचे लाकडी पाट) पावसात भिजत उभे असतात. लाकूड फिरवून कातायचा लेथ घेतला त्या वर्षी मी यातलं सगळं उचललं. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मी कोपरा भाड्याने घेतलाय; तिथे त्या ढिगाने लेथपेक्षा जास्त जागा खाल्ली आणि त्यातलं निम्मं लाकूड शेवटी बंबातच गेलं.

गाऊज, म्हणजे लेथवर लाकूड कातायचं पन्हाळीदार हत्यार, कसा धरायचा हे वाचून येत नाही. त्यासाठी चार शनिवार कुणाच्या तरी शेजारी उभं राहा. पलंगाचे पाय आणि लाटणी कातणारा कातारी भेटला तर उत्तमच. पण लेथ सुरू करण्याआधीचं काम, म्हणजे तुकडा निवडणं, तडा ओळखणं, लाकूड वाळवणं, हे सांगून समजण्यासारखं आहे आणि वाडगा बहुतेक वेळा तिथेच फसतो.

उचलण्याआधी

झाड पडलं म्हणून ते लाकूड कुणाचंही होत नाही. शहरातल्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि उभं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पडलेल्या झाडासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि फांद्या उचलायला आलेल्या मनपाच्या मुकादमांना विचारा. दोन ओंडके मागितले तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. खाडीकाठच्या खारफुटीलाही हात लावायचा नाही. सागाच्या तुळया टेम्पोतून नेणार असाल तर घर पाडणाऱ्या ठेकेदाराकडून लाकूड कुठल्या घराचं, किती नग, अशी चिठ्ठी घ्या. इमारती लाकडाच्या वाहतुकीला वनखात्याचे नियम आहेत आणि चेकनाक्यावर तोंडी खुलासा चालत नाही.

ढीग फोडणं

घरी आलेलं लाकूड त्याच दिवशी निवडा. उद्यावर टाकलं की तो ढीग होतो, आणि ढिगाला वाळवी लागते.

जुन्या घराचा साग पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेला असतो. तो आता फारसा हलत नाही, आक्रसत नाही. ओल्या लाकडासारखी महिनोन्महिने वाट बघावी लागत नाही. तोटे दोन. सागात सिलिका असते, त्यामुळे हत्याराची धार लवकर जाते. दुसरा तोटा खिळ्यांचा. लोहचुंबक प्रत्येक बाजूवरून इंच इंच फिरवा. खिळा आत तुटून राहिला असेल तर वरून छिद्र बुजलेलं दिसतं, पण त्याभोवती निळसर-काळा डाग असतो. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून तो होतो. डाग दिसला की खिळा आहे किंवा होता असं धरूनच चाला. पितळी स्क्रू चुंबकाला लागत नाही, म्हणून बिजागऱ्यांच्या जागा मी सरळ कापून टाकतो.

रंगवलेल्या चौकटींपासून नवशिक्याने लांब राहावं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या तैलरंगात शिसं किती, हे डोळ्यांना कळत नाही. तो रंग घासला की ती धूळ तुमच्या फुप्फुसात आणि मुलांच्या हाताला. खाण्याच्या भांड्यासाठी तर विचारही नको.

पॅलेटवर शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबी आणि बिनशिक्क्याचं दोन्ही सोडून द्या. एचटी असला तरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत, पॅलेटवर काय सांडलं असेल सांगता येत नाही. शिवाय फळ्या पातळ. चिकटवून जाडी करता येते, पण एवढी मेहनत मी पाईनवर घालणार नाही.

ताज्या पडलेल्या झाडांत आंबा नवशिक्याला सगळ्यात सोसणारा. कातायला मऊ, रेषा देखण्या, आणि थोडी बुरशी चढली की काळ्या नागमोडी रेघा येतात, ज्यांच्यासाठी लोक पैसे मोजतात. काहींना आंब्याच्या धुळीने अंगाला खाज सुटते, कैरीचा चीक उततो तशी. वर्षावृक्ष तपकिरी आणि छान, पण धूळ नाकाला झोंबते. फणस पिवळाधमक निघतो आणि उजेडात हळूहळू तपकिरी होतो. तंजावरी वीणा फणसाचीच करतात. चिंच लोखंडासारखी, ती दुसऱ्या वर्षी घ्या. कण्हेर आणि बिट्टी विषारी. त्यांचा वाडगा, चमचा काहीही करायचं नाही.

पहिले तीन वाडगे बिनतड्याच्या, वाळलेल्या, सहा इंची आंब्याचे करा. तडा चौथ्यापासून.

तडा बघायला शिकणं

लाकूड सगळीकडून सारखं आक्रसत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने ते जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्रापासून सालीकडे आक्रसतं. ओंडका अख्खा ठेवला की ही ओढाताण कुठेतरी सुटावी लागते, म्हणून गाभ्यापासून सालीपर्यंत फाट जाते. त्यात कापलेल्या टोकांमधून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडतं, म्हणून टोकं आधी तडकतात. एवढं समजलं की बहुतेक तडे का आणि कुठे जातात, याचा अंदाज येतो.

लेथ नवीन असताना आंब्याच्या एका तुकड्याला काठाजवळ केसाएवढा तडा होता. मी त्यात फेविक्विक सोडलं, वाळू दिलं, आणि वेग मिनिटाला अकराशे फेऱ्यांवर नेला. वाडग्याचा तिसरा हिस्सा सुटून गाळ्याच्या शटरवर आपटला. शटरला पोचा अजून आहे. मी बाजूला उभा होतो तो नशिबाने, अकलेने नव्हे. शेजारच्या गाळ्यातले कातारीकाका आवाज ऐकून आले. तुकडा उचलून त्यांनी आतली कड मला दाखवली: फेविक्विक वरच्या तीन-चार मिलिमीटरपर्यंतच गेलं होतं, खाली जुना, मळका तडा तसाच. "तडा कुठे संपतोय ते बघितलं होतंस का?" एवढंच विचारलं आणि परत गेले.

तेव्हापासून मी तुकडा लेथवर चढवण्याआधी हे करतो. पृष्ठभाग रंध्याने किंवा पॉलिश पेपरने स्वच्छ करायचा आणि त्यावर स्पिरिट फिरवायचं. लाकूड अर्ध्या मिनिटात वाळतं, पण तड्यात शिरलेलं स्पिरिट मागे राहतं आणि काळपट रेघ उरते. ती रेघ पेन्सिलने गिरवायची. रेघ जिथे संपते त्याच्यापुढे अजून दोन बोटं खूण करायची, कारण तडा दिसतो त्यापेक्षा लांब असतो. मग तुकडा एका हातात लोंबता धरून लाटण्याने ठोकायचा. सलग लाकूड टणक वाजतं, तडकलेलं बद्द. कान तयार व्हायला वीसेक तुकडे लागतात.

नंतर निर्णय. तडा काठातून सरळ आत येतो, एकटा आहे आणि मध्येच संपतो: ठेवा. एटीएम कार्ड आत शिरण्याएवढा रुंद आहे: तेवढा भाग कापून टाका, वाडगा लहान होऊ दे. दोन तडे एकमेकांना भेटतात: त्यांच्यामधली पाचर कधीही उडेल, बंबात. तडा वलयाला धरून गोल फिरतो, कांद्याची पाकळी सुटते तसा: बंबात, कितीही सुंदर लाकूड असलं तरी. तळाला समांतर चिरलेलं असेल तर तेच. वाडगा आठ इंचांचा व्हावा अशी तुमची इच्छा असेल, पण माप तडा ठरवतो.

बारीक गोल छिद्रं आणि त्यातून पडणारं पिठासारखं चूर्ण दिसलं तर भुंगा जिवंत आहे. तो तुकडा बाकीच्यांपासून लगेच लांब करा. गाळ्यात इतरांचं फर्निचर असेल तर दुप्पट लांब.

तुकडा कापणं

ओंडका गाभ्यातून उभा दोन भागांत फाडायचा आणि गाभ्याच्या दोन्ही बाजूंचं दोन-तीन सेंटीमीटर लाकूड काढून टाकायचं. गाभा वाडग्यात ठेवला तर तडा ठरलेलाच. जुन्या तुळईतही कधीकधी गाभा मधोमध असतो आणि तिथून एका बाजूपर्यंत लांब फाट गेलेली असते. अशी तुळई त्या फाटीवरच कापा, दोन बिनतड्याचे तुकडे मिळतात. सहा बाय पाच इंचांच्या तुळईतून पाच इंचांपेक्षा मोठं काही मागू नका.

चेनसॉ तुमच्याकडे नसेल तर घेऊ नका. बँडसॉ असलेला सुतार थोड्या पैशांत गोल करून देतो, फक्त खिळे काढलेत हे त्याला शपथेवर सांगा. गोल ओंडका टेबल सॉवर कधीही नाही, तो फिरतो आणि हात ओढतो.

कापलेला ओला तुकडा त्याच दिवशी टोकांना मेण, ऑइलपेंट किंवा फेविकॉलचा जाड थर देऊन बंद करा. संध्याकाळ नाही, त्याच तासात म्हटलं तरी चालेल.

लेथवर

सपाट बाजूला फेसप्लेट (लाकूड लेथला जोडणारी लोखंडी तबकडी) जाड स्क्रूंनी बसवा. जिप्सम बोर्डाला लावतात ते ड्रायवॉलचे काळे स्क्रू नकोत, ते ठिसूळ असतात आणि तुटतात. टेलस्टॉक, म्हणजे समोरून लाकूड दाबून धरणारा भाग, लावून ठेवा, जमेल तितका वेळ. सुरू करण्यापूर्वी हाताने एक पूर्ण फेरी फिरवून टूलरेस्टला (हत्यार टेकवायच्या पट्टीला) काही लागत नाही ना, ते बघा.

वेगाचा साधा हिशोब असा: सहा हजार ते नऊ हजार भागिले इंचातला व्यास. आठ इंचांना साडेसातशे ते अकराशे आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेऱ्या. हा आकडा बिनतड्याच्या, समतोल लाकडासाठी आहे. तडकलेल्याला मी त्याच्या निम्म्यावर सुरू करतो आणि लेथ थरथरला तर अजून खाली. बटण दाबताना लाकूड ज्या रेषेत फिरतं तिच्या बाजूला उभं राहायचं. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड. साधा चष्मा पुरत नाही. हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन, अंगठी, सगळं बाहेर. केस बांधलेले.

धुळीसाठी एन-९५. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत बसवलंय. बुरशीच्या रेघांचं लाकूड असेल तर मास्क आणखी महत्त्वाचा.

वाडग्यासाठीच्या, म्हणजे बाउल गाऊजनेच काम करा. सेटमध्ये एक रुंद, पन्हाळीसारखा रफिंग गाऊज येतो, तो लाटण्यासारख्या लांब कामासाठी. त्याची मुठीत बसणारी शेपटी बारीक असते आणि वाडग्याच्या आडव्या रेषा, म्हणजे तंतू, लागल्या की ती मोडते. हत्यार आधी टूलरेस्टवर टेकवा, मग धारेमागचा उतार लाकडावर घासू द्या, आणि शेवटी मूठ हळूच उचलून धार लाकडाला टेकवा. बाहेरून कातताना तळाकडून काठाकडे जायचं, आतून काठाकडून मध्याकडे. उलटं गेलात तर रेषा उचकटतात. ढलप्या लांब, वळसेदार यायला लागल्या की धार आणि कोन दोन्ही बरोबर आहेत; नुसता भुसा उडत असेल तर थांबा आणि धार लावा. ठाण्याच्या दमट हवेत रात्रभर उघडा ठेवलेला गाऊज सकाळी गंजाचे ठिपके दाखवतो, तेव्हा निघताना मशीन ऑइलचा फडका फिरवायची सवय लावा.

दर पाच मिनिटांनी लेथ बंद करून तडा बघा. कातताना लाकूड पातळ होतं, आतले ताण सुटतात आणि सकाळी बोटभर असलेला तडा दुपारी तीन बोटं झालेला असतो. आवाजही ऐका. एकसुरी घरघर चालू असताना अचानक टिकटिक आली की काहीतरी सुटतंय. बंद करा, आधी बटण, मग विचार.

वाळवण

जुना साग असेल तर हा भाग सोडून द्या, एका बैठकीत पूर्ण काता. ओलं लाकूड असेल तर आत्ता फक्त ओबडधोबड आकार काढायचा आणि भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवायची: आठ इंचांना सुमारे २० मिलिमीटर. लाकूड वाळताना वाडगा लंबगोल होतो, आणि पुन्हा गोल करायला एवढं लाकूड लागतंच.

वाडगा त्याच्याच ढलप्यांत पुरून कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नाही. पहिल्या जुलैत मी ओले वाडगे ताडपत्रीखाली रचले होते. पंधरा दिवसांनी उघडलं तेव्हा प्रत्येकाला पांढरी मखमल आली होती आणि वास शिळ्या भाकरीसारखा. आता ते फळीवर, एकमेकांत बोटभर अंतर ठेवून, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून लांब.

वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, स्वयंपाकघरातल्या काट्याला कळतं. तळावर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहायचं, दर पंधरा दिवसांनी पुन्हा. माझ्या एका आंब्याच्या वाडग्याचे आकडे असे: जानेवारीत ९४० ग्रॅम, जूनच्या सुरुवातीला ६१०, आणि जुलैत ६३०. चुकून नव्हे, पावसाळी हवेतलं पाणी लाकूड परत पितं. म्हणून मी ओबडधोबड वाडगे कधीही कातो, पण शेवटचा हात डिसेंबर ते फेब्रुवारीतच मारतो. वजन सलग तीन वेळा तेच आलं की लेथवर.

तडा भरणं

फेविक्विक केसाएवढ्या, कोरड्या तड्यालाच. थेंबाथेंबाने, दोन्ही बाजूंनी, आतपर्यंत पोचतंय याची खात्री करत. सांडलेलं सुती फडक्याने पुसू नका. कापसाशी त्याची अभिक्रिया होते आणि फडकं हातात तापतं, धूरही येतो.

त्याहून रुंद तड्याला इपॉक्सी. पाच मिनिटांत वाळणारा घाईचा, तो आत जिरत नाही. रात्रभर घेणारा अराल्डाइट वापरा. तड्याच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी लावून वरून ओता आणि अर्ध्या तासाने पुन्हा भरा, कारण पातळी खाली जाते. रंगासाठी त्याच लाकडाची भुकटी घातली तर ती अपेक्षेपेक्षा काळी पडते. गडद सागात कॉफी पावडर बरी. मला आवडतो तो पितळेचा चुरा. स्टेशनबाहेर किल्ल्या बनवणारे असतात, त्यांच्या मशीनखाली तो साठलेला असतो, दहा-वीस रुपयांत पुडी भरून देतात. त्यात लोखंडही मिसळलेलं असतं, तेवढं चुंबकाने वेगळं करा, नाहीतर पुढे गंजतं. काठातला तडा पितळेने भरून घासला की कुठल्यातरी जुन्या दागिन्यासारखा दिसतो.

तडा रुंद होत जाईल अशी शंका असेल तर बाहेरून डमरूच्या आकाराची लाकडी पाचर आडवी बसवा, त्याच जाडीत खोबण करून. डमरूच्या रेषा तड्याला काटकोनात हव्यात. पुन्हा कातताना मी वाडग्याभोवती स्ट्रेच फिल्मचे चार वेढे देतो आणि आतली बाजू तेवढी मोकळी ठेवतो. आणि एक लक्षात ठेवा: इपॉक्सी तडा भरतो, लाकूड सांधून नवं करत नाही. वेग निम्माच.

शेवटचा हात

भिंत ८ ते १० मिलिमीटरवर आणा. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४०, ३२०. एकही पायरी गाळू नका. १८० नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू दिलं तर उभे राहिलेले तंतू पुढच्या कागदात निघून जातात.

तेलाबाबत घरोघरी वेगळं मत मिळेल. शेंगदाण्याचं, मोहरीचं तेल लाकडात खवट होतं. केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन खवट होत नाही, रंग देत नाही, स्वस्त आहे. चार भाग ते आणि एक भाग मधमाशीचं मेण, गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून वितळवा, कोमट असताना चोळा, रात्रभर ठेवा आणि पुसा. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल भांड्याला नको, त्यात वाळवणारे धातूचे क्षार असतात. त्याचा फडका बोळा करून गाळ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो; वापरलात कधी तर फडका पसरून बाहेर वाळवा.

आजीच्या काठवटीला कधी पॉलिश नव्हतं. भाकरी झाल्या की पाण्याचा हात, कोरडं फडकं, आणि सावलीत उभी करून ठेवलेली. वाडग्यालाही तेवढंच लागतं. सिंकमध्ये भिजत नको, मायक्रोवेव्हमध्ये नको, तडा भरलेल्यात गरम वरण नको. फळं, शेंगा, चिवडा. लाकूड कोरडं, पांढुरकं दिसलं की पुन्हा तेल.

तळावर मी बॉलपेनने दाबून लाकूड आणि जागा लिहितो: "साग, खारकर आळी, तुळई". शटरला पोचा पाडणाऱ्या आंब्याचा उरलेला दोन तृतीयांश भाग फळीवर ठेवलाय, काठ तुटलेला, फेविक्विकची चकाकी अजून आत दिसते. नवीन कुणी शिकायला आलं की आधी तो हातात देतो आणि तडा कुठे संपतोय ते शोधायला सांगतो.